उरलेले पंचवीस सामने: सप्टेंबरात फँटसी बेसबॉलची यादी कशी लावायची

सप्टेंबरचा पहिला सोमवार, अमेरिकेतली लेबर डेची सुट्टी, उलटला, की त्या रात्री भांडी आवरून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि मार्चमध्ये केलेली खेळाडूंची यादी पुसून टाकते. अख्खी. नवरा दरवर्षी तेच म्हणतो, "अगं, यांकीजचा आरन जज पहिल्या पाचांत येणारच आहे, मग पुसतेस कशाला?" येतो, बहुतेक वर्षी येतोच. पण तो यादीत मुक्कामाला असल्यासारखा बसलेला नको, पुन्हा रांगेत उभा राहून आलेला हवा. मार्चच्या यादीत अख्ख्या मोसमाचा, १६२ सामन्यांचा अंदाज असतो. आता प्रत्येक टीमचे पंचवीसेक उरलेत. पाच महिन्यांत जे झालं ते तुमच्या खात्यात जमा झालं, त्याचं पुन्हा काही मिळत नाही.

ज्यांनी फक्त क्रिकेटची एका मॅचपुरती टीम लावलीय त्यांच्यासाठी दोन ओळी. इथे मार्चमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे मेजर लीगचे खरे खेळाडू आपापसांत पाळीपाळीने वाटून घ्यायचे, ते सामन्यांत जे करतील ते आपल्या खात्यात, एक खेळाडू एकाच मालकाकडे, आणि तो संसार सप्टेंबरच्या शेवटापर्यंत रेटायचा. आमची लीग बारा जणांची, जुन्या 'रोटिसरी' पद्धतीची. १९८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या ज्या रेस्टॉरंटात हा खेळ सुरू करणारी मंडळी जमायची, त्याच्यावरून हे नाव पडलं. दहा रकाने असतात: बॅटिंगचे अ‍ॅव्हरेज (किती बॅटिंगमागे किती हिट, म्हणजे बेसच्या टप्प्यावर पोचवणारे फटके), रन, होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर), आरबीआय (आपल्या बॅटिंगमुळे आलेले टीमचे रन), स्टील (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेला पुढचा बेस), पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे विजय, सेव्ह (शेवटी आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले), ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेले रन) आणि व्हिप (एका इनिंगमागे दिलेले हिट आणि फुकटचे बेस); शेवटचे दोन जितके कमी तितके चांगले. प्रत्येक रकान्यात पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक. आमच्याकडे शेवटचा येणारा सगळ्यांना जेवण घालतो. मी दोनदा घातलंय.

आता कामाचं. यादी लावायला बसताना खेळाडूंकडे आधी बघायचंच नाही. आधी आपल्या लीगचा तक्ता उघडायचा.

माझा एका सप्टेंबरातला तक्ता सांगते. स्टीलमध्ये मी ११८ वर. माझ्या वर तिघं, १२०, १२१ आणि १२३ वर. खालचा ९७ वर. होमरनमध्ये मी २७१, वरचा ३०२, खालचा २४४. म्हणजे होमरनमध्ये मी वीस जास्त मारले काय आणि वीस कमी मारले काय, गुण तेवढेच. स्टीलमध्ये मात्र थोडा जोर लावला तर तीन गुण हाताशी. अशा तक्त्यात तीस होमरनवाला पण बेसवर खांबासारखा उभा राहणारा पहिला बेसमन माझ्या यादीत धाडकन खाली येतो, आणि सातव्या नंबरवर खेळणारा, धड मारता न येणारा पण पळणारा पोरगा वर चढतो. जगाच्या यादीत तो दीडशेवा असेल. माझ्या यादीत चाळिसावा.

इथे एक चूक हमखास होते. "वरच्यांना मागे टाकायला सहा जास्त हवेत, म्हणजे सहा स्टील करणारा एक गडी आणला की झालं." नाही झालं. वरचे तिघं काही हातावर हात ठेवून बसलेले नसतात, त्यांचेही पळत असतात. तुमच्या टीमची जी नेहमीची चाल आहे तिच्यापेक्षा सहा जास्त हवेत. म्हणजे ज्याला काढताय तो किती करणार होता ते वजा करा, मग बोला.

स्टील मिळतात कुठून, हेही आता बदललंय. २०२३ मध्ये बेस मोठे झाले, पिचरने किती सेकंदांत चेंडू टाकायचा याचं घड्याळ आलं आणि बेसवरच्या माणसाला धमकावायला किती वेळा चेंडू टाकायचा यावर बंधन आलं. आदल्या वर्षी सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ स्टील होते, ते त्या वर्षी ३,५०३ झाले. त्यामुळे 'स्टील करणारा' ही वेगळी जातच उरली नाही. ज्याने आधी एका मोसमात बारापेक्षा जास्त कधी केले नव्हते त्या न्यूयॉर्क मेट्सच्या हुआन सोटोने २०२५ मध्ये ३८ केले. म्हणून जुन्या प्रतिमेवर जाऊ नका, गेल्या महिन्याचा आकडा बघा.

अ‍ॅव्हरेजचं उलटं. सप्टेंबरात अ‍ॅव्हरेजच्या मागे धावणं म्हणजे विहिरीत साखर टाकून पाणी गोड करणं. हिशोब करून बघा. चौदा बॅटर मिळून माझ्या टीमचे तोवर ५,८०० अ‍ॅट-बॅट (हिशोबात धरायच्या बॅटिंगच्या पाळ्या) झालेले, अजून ११०० होणार. ०.२४० वाला एक काढून ०.३१० वाला आणला आणि त्याला ८५ अ‍ॅट-बॅट मिळाले, तर हिट वाढले सहा. ६,९०० मध्ये सहा. एक हजारांशही नाही. शेजारचा मालक तुमच्या अगदी अंगाला अंग घासून असेल तरच तो रकाना धरा, नाहीतर यादी करताना त्यावर बोट ठेवून तो झाकूनच टाका. मी खरंच स्क्रीनवर चिकटपट्टी लावते.

ईआरएचंही रोटिसरीत तसंच, पण हेड-टू-हेड लीग असेल, म्हणजे दर आठवड्याला एकाच मालकाशी सामना, आणि प्लेऑफचा, शेवटच्या बाद फेरीचा आठवडा असेल तर गणित पार उलटतं. तिथे आठवड्याचा आकडा वेगळा मोजतात. समजा शनिवारपर्यंत तुमच्या पिचरांनी ४० इनिंग्जमध्ये १४ रन दिले, ईआरए ३.१५. पुढे आहात. रविवारी हौसेने आणखी एक स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, उतरवला, त्याने दोन इनिंग्जमध्ये सात रन दिले. ४२ इनिंग्ज, २१ रन, ईआरए ४.५०. आठवडाभराची कमाई वीस मिनिटांत गेली. म्हणून हेड-टू-हेडवाल्यांनी मधल्या दर्जाचे स्टार्टर यादीत बरेच खाली ढकलावेत आणि रविवारी सकाळी पुढे असाल तर त्यांना बेंचवरच ठेवावं. हे मला माहीत होतं, तरीही मी तो रविवार केलाय.

तक्ता वाचून झाला, की दुसरा प्रश्न: हा माणूस खेळणार आहे का? हा प्रश्न मला शिकवला सासूबाईंनी. त्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बेसबॉल त्यांना ओ की ठो कळत नव्हता, पण सातला टीव्ही लागला की त्या सोफ्यावर हजर. एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि त्या बाहेरून म्हणाल्या, "अगं, तुझा तो उंच पोरगा आज आलाच नाही गं. बाकावर बसून बिया चघळतोय." सहा फूट सात इंचाचा माणूस, चुकायचा प्रश्नच नाही. मी लायनअप, म्हणजे त्या दिवशी कोण खेळणार ते, बघितलंच नव्हतं, आणि माझ्या बेंचवर एक चांगला आउटफिल्डर रिकामा बसला होता. मी म्हटलं, "आई, आधी सांगायचं ना!" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत, तुझे पैसे त्याच्यावर लागलेत ते!" पैसे नव्हते, पण असो.

सप्टेंबरात दोन तऱ्हेच्या टीम धोक्याच्या. एक, जिचं प्लेऑफ पक्कं झालंय: मोठ्या खेळाडूंना विश्रांती मिळते, स्टार्टरला पाच इनिंग्जनंतर काढतात. दुसरी, जिचं सगळं संपलंय: पंचविशीच्या आतली पोरं खेळवून बघतात. २०२० पासून सप्टेंबरात रोस्टर, म्हणजे टीमच्या खेळाडूंची संख्या, २६ चं २८ होतं, पूर्वी ते चाळीसपर्यंत जायचं, त्यामुळे हा गोंधळ आता कमी आहे, पण आहे. सगळ्यात भरवशाचे ते, ज्यांची टीम एक-दोन सामन्यांच्या फरकाने झुंजतेय. तिथे कोणी बसत नाही. दोन खेळाडू सारखे वाटले तर मी डोळे मिटून झुंजणाऱ्या टीममधला वर ठेवते.

तरुण पिचरांच्या इनिंग्ज तर मोजाच. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने स्टीफन स्ट्रासबर्गला सप्टेंबरच्या सुरुवातीला, १५९ पूर्णांक एक तृतीयांश इनिंग्जनंतर, घरी बसवलं. टीम पहिल्या नंबरवर, पोरगा धडधाकट, १९७ स्ट्राइकआउट खात्यात. कोपराच्या ऑपरेशननंतरचं पहिलं पूर्ण वर्ष होतं एवढंच. ज्यांच्याकडे तो होता त्यांनी काय करायचं? आणि धडधाकट बुजुर्गांचीही खात्री नाही. २०२४ मध्ये अटलांटाच्या ख्रिस सेलने १८ विजय, २.३८ ईआरए आणि २२५ स्ट्राइकआउट घेऊन नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) तिन्ही रकान्यांत पहिला नंबर काढला. शेवटच्या आठवड्यात वादळामुळे अटलांटाचे मेट्सविरुद्धचे दोन सामने सोमवारी, ३० सप्टेंबरला गेले, आणि पाठ धरल्यामुळे सेल त्या दिवशीही उतरला नाही. अशा वेळी पिचर पंधरा दिवसांच्या इंज्युरी लिस्टवर गेला, की त्याला सोडून द्या. नाव कितीही मोठं असो. मार्चमध्ये ज्याला दुसऱ्या फेरीत घेतलं त्याला सोडताना जीव जातो, ठाऊक आहे, पण ती फेरी आता कोणी मोजत नाही.

क्लोजर, म्हणजे सामना संपवायला शेवटी येणारा पिचर. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे खेळाडू तोच राहतो आणि त्याची किंमत एका फोनवर बदलते. सेव्ह मिळते ती शेवटच्या, नवव्या इनिंगला आघाडी राखणाऱ्याला. म्हणजे ती नोकरीची कमाई आहे, अंगच्या गुणांची नव्हे. २०२५ च्या जुलैअखेर टीमनी आपसांत केलेले खेळाडूंचे सौदे बघा. मिनेसोटाचा योहान दुरान फिलाडेल्फियाला गेला आणि तिथेही क्लोजरच झाला, वर जिंकणारी टीम मिळाली. यादीत वर. सेंट लुइसचा रायन हेल्सली मेट्सकडे गेला, पण तिथे एडविन डियाझ आधीच खुर्चीत. आठव्या इनिंगचा माणूस झाला. खाली. अ‍ॅथलेटिक्स टीमचा मेसन मिलर, ज्याचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या वर जातो, सॅन डिएगोला गेला. तिथे रॉबर्ट सुआरेझ सेव्ह घेत होता. मिलरचा चेंडू तेवढाच जोरात, स्ट्राइकआउट तेवढेच, सेव्हचा रकाना मात्र जवळजवळ कोरडा. त्या सप्टेंबरात तुम्हाला स्ट्राइकआउट आणि ईआरए हवे असते तर तो हवा होता, सेव्ह हव्या असत्या तर नको. म्हणूनच म्हणते, दुसऱ्याने केलेली यादी उचलून चालत नाही.

कमकुवत टीमच्या क्लोजरला नाक मुरडू नका. हरणाऱ्या टीमही आठवड्यात दोन-तीन सामने जिंकतात, आणि त्यांतले बरेच काठावर.

गेल्या चौदा दिवसांचा आकडा हा मोठा फसवा. सगळ्या साइट तोच आधी दाखवतात. एखादा ०.४२० ने मारतोय म्हणून सगळे तुटून पडतात. त्याने मारून मैदानातच राहिलेले चेंडू बघा, म्हणजे होमरन सोडून. लीगभरात असे दहातले साधारण तीन हिट होतात. याचे पाच होत असतील तर ते त्याचं नशीब, आणि नशीब तुमच्या टीममध्ये येईपर्यंत संपतं. त्यापेक्षा तो कितव्या नंबरवर बॅटिंगला येतो ते बघा. आठव्यावरून पहिल्यावर आला असेल तर पंचवीस सामन्यांत पंधरा-वीस वेळा जास्त बॅट हातात येणार. हे खरं, बाकी वाऱ्यावरची वरात.

वेळापत्रक झरझर बघायचं. आठवड्यात कोणाचे सात सामने, कोणाचे पाच. कोण डेन्व्हरला जातंय. तिथलं मैदान, कूर्स फील्ड, समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आहे, विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून तिथे जाणारे बॅटर आठवडाभर वर, पिचर बेंचवर. कोणत्या स्टार्टरला एका आठवड्यात दोन सामने मिळतायत. बस्स, यात रात्र घालवू नका.

मग यादी. मी एक ते शंभर नंबर लावत नाही. तीन ढीग करते. पहिल्यात ज्यांना हात लावायचा नाही ते: सात-आठ जण, डॉजर्सचा शोहेई ओहतानी, जज असले. दुसऱ्यात ते, ज्यांना कोणाविरुद्ध खेळतायत ते बघून रोज आत-बाहेर करायचं. तिसऱ्यात ते, जे आज रात्री सोडले तरी चालतील. खरं काम तिसऱ्या ढिगाचं. पहिला ढीग कोणीही लावेल. लीग जिंकली जाते ती तेविसाव्या माणसाला वेळेवर सोडण्यात.

आणि तरीही, १९ सप्टेंबर २०२४. गुरुवार. ओहतानी माझ्या प्रतिस्पर्ध्याकडे होता. मायामीत त्या एका सामन्यात त्याने सहापैकी सहा हिट, तीन होमरन, दहा आरबीआय आणि दोन स्टील केले, आणि ५० होमरन, ५० स्टील असा मोसम करणारा पहिला माणूस झाला. माझी तीन आठवड्यांची चिकटपट्टी एका दुपारी उडाली. त्या वर्षी मी दुसरी आले.

शेवटचा रविवार वेगळा असतो. त्या दिवशी सगळ्या मैदानांवरचे सामने एकदमच, आमच्या ईस्टर्न वेळेने दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे रोजच्यासारखं आधीचा सामना बघून नंतरच्याला बदलायची सोय नाही. ज्यांच्या टीमला आता काही मिळवायचं उरलेलं नाही त्यांचे मोठे खेळाडू त्या दिवशी सर्रास बसतात. म्हणून दोन ते पावणेतीन फोन हातात ठेवायचा आणि लायनअप जाहीर होतील तसे बदल करत जायचे. माझा भाचा पुण्याहून आमच्या लीगमध्ये आहे, त्याच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजतात. तो बाराचा गजर लावतो. मी जेवण साडेबारालाच उरकते, आणि सासूबाई इथे असल्या तर एक-दोन टीव्हीवर बाकावर कोण बसलंय ते बघायचं काम त्यांच्याकडे.