घडीच्या चाकूची क्लिप: आधी कापड मोजा, मग पत्रा कापा

१९८१ साली स्पायडर्को या अमेरिकी कंपनीच्या ‘वर्कर’ चाकूला खिशाच्या कडेला अडकणारी क्लिप आली आणि घडीचा चाकू खिशाच्या तळाशी लोळायचा थांबून कडेला लटकू लागला. क्लिपचं खरं काम कापडाशी असतं. म्हणून कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) घ्या आणि आधी खिशाची कड मोजा. जीन्सची दुमडलेली शिवण तीन-चार मिलिमीटर सहज भरते. क्लिपचं टोक मुठीपासून त्याहून जास्त उचललेलं हवं, नाहीतर चाकू खिशात घालायला दुसरा हात लागतो.

आता क्लिपचा पत्रा. पकड जाडीच्या घनाने वाढते आणि लांबीच्या घनाने घटते. एक मिलिमीटरऐवजी ०.८चा पत्रा घेतला की जोर जवळपास निम्मा होतो. जाडी तीच ठेवून ४० मिमी लांबीची ५० केली तरी तेच. म्हणून पकड जमेना की पत्रा वाकवत बसू नका, जाडी किंवा लांबी बदला. स्प्रिंग स्टीलला मी एक मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करतो. टायटॅनियमची ताठरता स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिथे जाडी वाढवावी लागते. ग्रेड ५ टायटॅनियम (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं) थंड वाकवताना बाकाची आतली त्रिज्या जाडीच्या पाचपट तरी ठेवा, आणि क्लिपची लांबी पत्र्याच्या लाटणीच्या दिशेत, म्हणजे कारखान्यात पत्रा ज्या दिशेने लाटला गेला त्या दिशेत घ्या. आडवी कापलेली क्लिप बाकावरच तडकते. हे टायटॅनियम वाकवून सोडलं की बरंच मागे येतं, तेव्हा हव्या त्या कोनापेक्षा जास्त वाकवा.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो क्लिप मुठीला जिथे टेकते त्या जागेवर. टेकावी ती एकाच ठिकाणी, आणि तिच्याखालची मूठ गुळगुळीत हवी. खरखरीत जी-१०वर (काचतंतू आणि इपॉक्सीच्या मुठीवर) क्लिप दाबून बसवली की दर वेळी चाकू काढताना खिशाची कड कानशीने घासल्यासारखी झिजते. तेवढा पट्टा पॉलिश पेपरने उतरवा. बाकीची खरखर बोटांसाठी राहू द्या.

स्क्रूची भोकं बाकापासून लांब ठेवा, कारण सगळा ताण बाकावरच येतो. कापलेल्या कडांवरचे ओरखडेही घासून काढा, तडा त्यांतूनच सुरू होतो. एकाच स्क्रूवर क्लिप फिरते. दोन तरी हवेतच. तीन त्रिकोणात बसले तर उत्तम.

पात्याचं टोक वर ठेवून चाकू लटकणार असेल, तर मिटलेल्या पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकेल अशी बाजू निवडा. पातं चुकून उघडू लागलं तर शिवण त्याला अडवते. चाकू खिशात पूर्ण बुडवणारी क्लिप दिसायला सुरेख, पण काढताना चिमटीत धरायला मुठीचा थोडा भाग वर उरू द्या.

शेवटी क्लिप नुसती बसवून मूठ घट्ट आवळा आणि जोर लावून लाकूड तासा. तळव्याला जिथे टोचेल तिथे खूण करा, ती कड गोल करा, पुन्हा तासून पाहा. टोचणं थांबलं की मगच स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावून पक्के आवळा.