कच्च्या मांसावर वाढणाऱ्या मांजराचे वजन : या चुका टाळा

कोरडे दाणे बंद करून कच्चे मांस सुरू केले की मांजराचे वजन आपोआप बेतात राहते, ही समजूत मी स्वतः दोन वर्षे बाळगली, आणि तेवढ्या काळात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरचा बोका 4.2 किलोंवरून 5.6 किलोंवर गेला. दोष कच्च्या मांसाचा नव्हता. आम्ही ते मुठीने मोजत होतो आणि कोणत्या भागाचे मांस आहे याकडे पाहतच नव्हतो.

सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी हीच आहे. प्रौढ मांजराला वजनाच्या साधारण 2 ते 4 टक्के मांस द्यावे, असा हिशेब बहुतेक जण सांगतात. परंतु तो मांजराच्या आजच्या वजनावर लावला, तर लठ्ठ मांजराला लठ्ठपणा टिकवण्याइतकेच अन्न मिळत राहते. हिशेब अपेक्षित वजनावर करावा. शिवाय ग्रॅम सारखे असले तरी उष्मांक सारखे नसतात. इंदुरातील चिकनच्या दुकानांत मांजर पाळणाऱ्यांना कातडी आणि माना स्वस्तात, कधी फुकटही मिळतात, आणि त्याच खिम्यात जातात. कातडीसह खिम्याच्या 100 ग्रॅममध्ये 200 च्या वर किलोकॅलरी असतात, तर कातडी काढलेल्या मांसात सुमारे 120. म्हणजे 120 ग्रॅमच्या त्याच वाटीतून एका घरी 240 आणि दुसऱ्या घरी 145 किलोकॅलरी पोटात जातात. ज्या मांजराचे योग्य वजन 4 किलो आहे, त्याला वजन उतरवण्यासाठी दिवसाला 160 किलोकॅलरींच्या आसपास पुरतात, हे लक्षात घेतले की फरक किती मोठा आहे ते कळते. नसबंदीनंतर मांजराची गरज 20 ते 30 टक्क्यांनी घटते, तरी वाटी मात्र जुनीच राहते.

हे समजल्यावर उत्साही माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि केवळ छातीचे बिनहाडाचे मांस देऊ लागतो. त्यात चरबी कमी असते हे खरे. पण कॅल्शियम जवळजवळ नसते आणि टॉरिन हे मांजराला अन्नातूनच मिळावे लागणारे पोषकद्रव्यही मांडीच्या गडद मांसापेक्षा व हृदयापेक्षा बरेच कमी असते. टॉरिन फार काळ कमी पडले, तर मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात आणि दृष्टी अधू होते. म्हणून कातडी कमी करावी, हृदय ठेवावे, कलेजी 5 टक्क्यांच्या आसपास राखावी आणि कॅल्शियमची सोय पशुवैद्यांना विचारून करावी. कलेजी स्वस्त मिळते म्हणून वाढवू नये. अ जीवनसत्त्व साचून मान आणि पाठीचा कणा आखडतो.

उपाशी ठेवणे ही तर सरळ धोक्याची चूक आहे. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाल्ले नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते प्राणावर बेतू शकते. नवे मांस त्याला आवडत नसेल, तर जुन्या अन्नात थोडे थोडे मिसळावे. एक पूर्ण दिवस उपाशी गेल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

मोजमाप काटेकोर ठेवूनही वजन तीन आठवडे हलले नाही, तर आधी घरातल्या माणसांची चौकशी करावी. आमच्याकडे गुन्हेगार सापडल्या त्या आजी. पाहुण्याला आग्रह करावा तसा त्या बोक्याला सकाळी सायीच्या दुधाचा आग्रह करीत, आणि अर्धी वाटी म्हशीचे दूध म्हणजे 70-80 किलोकॅलरी होतात! दूध थांबवूनही फरक पडला नाही, तरच रोजचे मांस 10 टक्क्यांनी घटवावे. आठवड्याला 1 टक्का घट चांगली, 2 टक्क्यांपेक्षा जास्त नको. 5 किलोंच्या मांजरात 1 टक्का म्हणजे अवघे 50 ग्रॅम, त्यामुळे मांजराला कडेवर घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहण्याचा काही उपयोग नाही. तान्ह्या बाळाचा काटा वापरावा.

मे महिन्याच्या उन्हाळ्यात वाटी दिवसभर भरून ठेवू नये. अर्ध्या तासात उचलावी आणि उरलेले मांस तोलून वजा करावे. कच्च्या मांसाबद्दल आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही: डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि त्यानंतर आपल्याच मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांमध्ये तो आढळला. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. अशी साथ असेल त्या काळात मांस शिजवूनच द्यावे. पाणी निघून 100 ग्रॅमचे साधारण 70 ग्रॅम होते, म्हणून तोलावे कच्चेच, आणि टॉरिन उतरलेले शिजवणाचे पाणीही वाटीत घालावे.

मांजर दहा वर्षांपुढचे असेल आणि भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर आहारात फेरफार करीत बसू नये. थायरॉइडचे विकार आणि मधुमेह असेच सुरू होतात, म्हणून जवळच्या पशुवैद्यांकडे किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन आधी रक्त तपासून घ्यावे.