पुराचे मेसेज आले की आपलं मत आपणच कसं बनवावं

जुलैत राधानगरीकडं पावसानं जोर धरला की कोल्हापुरात पंचगंगेआधी मेसेज चढतात. 'मच्छिंद्री झाली' (म्हणजे शिवाजी पुलावरच्या खुणेपर्यंत पाणी आलं), 'राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे उघडले', 'पूर अलमट्टीमुळंच आला' (म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणामुळं). पहिल्या दोन गोष्टी तपासता येतात, तिसरं मत आहे. पण तिन्ही एकाच ठसक्यात येतात आणि आपण तिन्ही सारख्याच भरवशानं पुढं ढकलतो. तसं होऊ नये म्हणून एवढं करून बघा.

१. आधी आकडा शोधा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. 'लई भयंकर पाणी वाढलंय' यातून सांगणारा घाबरलाय एवढंच कळतं. फूट-इंच दिले असतील तर ते किती वाजताचे, हे बघा. सकाळचा आकडा रात्री फिरत असेल तर तो सोडून द्या.

२. व्हिडिओ थांबवा. २०१९ आणि २०२१ च्या पुराची दृश्यं दर पावसाळ्यात ताजी म्हणून फिरतात. स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाका, जुनं असेल तर बहुतेकदा सापडतं. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर मेसेज किमान पाच जणांच्या हातून आलाय. तो खोटाच असेल असं नाही, पण मूळ कुणाचा हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसावं, असं धरून चाला. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली.

३. ती गोष्ट चालते कशी, हे विचारा. 'राधानगरीचे दरवाजे रात्रीत मुद्दाम सोडले' हा मेसेज घ्या. या धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी बाहेर पडतं. एवढं माहीत असलं तरी 'मुद्दाम'मधली हवा निघून जाते. शंभर कॉमेंट वाचण्यापेक्षा अशी एक गोष्ट नीट समजून घेणं मला जास्त कामाचं वाटतं.

४. अलमट्टीसारख्या वादात आधी वही, मग कॉमेंट. हा खरा अवघड भाग, इथं घाई नको. अलमट्टीची पूर्ण भरल्यावरची पातळी ५१९.६० मीटर. कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली. शिरोळ भागातल्या लोकांची भीती फुगवट्याची, म्हणजे धरणात अडलेलं पाणी मागं आपल्याकडं चढण्याची आहे आणि ती घरात पाणी शिरलेल्या माणसांची भीती आहे, तिला हसू नये. उलट २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला त्या पुराचं कारण मानलं नाही. तो निष्कर्ष अनेकांना पटलेला नाही. वहीत दोन्ही बाजूंचा सगळ्यात दमदार मुद्दा लिहा. आपल्याला न पटणाऱ्या बाजूचा मुद्दा लिहिता आला नाही, तर आपण अजून वाचलेलंच नाही. खाली एक ओळ लिहा: काय समोर आलं तर माझं मत बदलेल? मगच कॉमेंट उघडा. अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, तीच विधानं पुन्हा पुन्हा ऐकल्यावर लोकांना ती जास्त खरी वाटू लागली, मग ती खरी असोत वा खोटी. दिवसात वीसदा 'अलमट्टीच' ऐकलं की तेच होतं. 'अलमट्टी नव्हेच' ऐकलं तरी तेच.

५. काय दाखवलं नाही? कॅमेरा शिवाजी पुलावर उभा असतो, तेव्हा आंबेवाडी-चिखलीत आणि शिरोळच्या मळ्यांत काय चाललंय, हे वेगळं शोधावं लागतं. माध्यमं काय विचार करा हे सांगोत न सांगोत, कशाबद्दल विचार करायचा ते बऱ्याचदा ठरवतात. मॅकॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकी माध्यम-अभ्यासकांनी १९७२ मध्येच हे मांडलं होतं.

६. चुकीचा मेसेज काकांनी पाठवला असेल तर ग्रुपवर पंचनामा करू नका. 'काका, हा व्हिडिओ कधीचा ओ? मला २०१९ चा वाटतोय' असं त्यांना वेगळं विचारा. बहुतेकदा तेच ग्रुपवरून काढून टाकतात.