वाकलेलं झाड चेनसॉने पाडताय? या चुका टाळा

मे संपत आला, वळवाचे दोन-तीन दणके बसले की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला संध्याकाळी, "दादा, सोसायटीतला गुलमोहर पार्किंगवर वाकलाय, वॉचमनच्या मेव्हण्याकडे चेनसॉ आहे, उद्या सकाळी उरकून टाकू का?" आणि दुसरा दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, "दादा, सॉ खोडात अडकलाय, झाड करकर वाजतंय, आता काय करू?" दुसऱ्या फोनला माझं उत्तर ठरलेलं आहे, सॉ तिथेच सोड आणि लांब हो. सॉ काय, नवा घेता येतो.

कोथरूडपासून पौड-मुळशीपर्यंत पंधरा-सोळा वर्षं हेच काम करतोय आणि एक गोष्ट कायम बघतो, वाकलेलं झाड म्हटलं की सगळ्यांची नजर शेंड्याकडे. कारवर पडेल का, भिंतीवर पडेल का, शेजारच्यांच्या बाल्कनीत जाईल का. पण माणूस मार खातो तो बुंध्यापाशी, सॉ हातात असताना.

कागदाचं आधी उरकतो. महापालिकेच्या हद्दीत झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, उद्यान विभागात अर्ज द्यायचा आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यायची. गावाकडच्या रानातला साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ असेल तर त्यासाठी १९६४ चा वेगळा कायदा. आत्ता कोसळतंय अशी अवस्था असेल तर १०१ ला फोन लावा. आणि झाड तारेला टेकलं असेल तर महावितरणने लाइन बंद केल्याचं कन्फर्म होईपर्यंत जवळसुद्धा जाऊ नका, ओलं खोड करंट नेतं, त्याला रबरी चप्पल पुरत नाही.

वाकलंय की वाकतंय?

हा पहिला प्रश्न, आणि नव्वद टक्के लोक तो विचारतच नाहीत (हा नव्वदचा आकडा माझ्या वैतागातून आलाय, मोजलेला नाही). लहानपणापासून उजेडाकडे झुकत वाढलेलं झाड ओळखू येतं, खोड वाकडं असतं पण वरचा शेंडा पुन्हा सरळ आभाळाकडे वळलेला असतो. असं झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. नव्याने कलंडलेलं झाड मात्र अख्खंच तिरकं दिसतं, शेंड्यासकट. मग खाली बघायचं, ज्या बाजूला झुकलंय त्याच्या उलट बाजूला जमिनीला भेगा पडल्यात का, माती फुगलीये का, पेव्हर ब्लॉक उचललेत का. असेल तर मुळं सुटत चाललीत, आणि सॉ लावल्यावर झाड तुमच्या कटवर पडेल की मुळासकट उपटून येईल हे सांगता येत नाही. आपल्याकडे गुलमोहराचं हे फार होतं, मूळचा मादागास्करचा गडी, मुळं वरवर पसरतात, त्यात चारी बाजूंनी काँक्रीट आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी केबलसाठी खणून एका बाजूची मुळं तोडून जातं.

दुसरं, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर चौफेर ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, ढबढब आला तर आत ढोली आहे. बुंध्याला भूछत्रासारखे टणक थर आले असतील तरी आत लाकूड कुजलंय समजा. असं झाड तुम्ही पाडू नका. खाली सांगतोय ते सगळं बिजागरीच्या (पुढची खाच आणि मागचा कट यांच्या मध्ये न कापता सोडलेलं लाकूड, त्याच्यावर झाड वळून पडतं) जोरावर चालतं आणि पोकळ खोडात बिजागरी राहायला लाकूडच नसतं. ते क्रेन लावून वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवणाऱ्यांचं काम.

सगळ्यात महागात पडणारी चूक

नऊ-दहा वर्षांपूर्वी पौडच्या पुढे एका फार्महाऊसवर ओढ्याकडे झुकलेली निलगिरी होती. पडायच्या बाजूला कुणी नाही, काही नाही, मला वाटलं दहा मिनिटांचं काम. समोरून छोटीशी खाच घेतली आणि मागून आरामात कापायला लागलो. अर्ध्यापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो तर फट्ट करून आवाज आला आणि खोड उभं चिरलं, समोरचा भाग ओढ्याकडे निघाला आणि मागची फाळ सात-आठ फूट उंचीपर्यंत फाटत मागे उसळली, जिथे माझं डोकं होतं तिथे. होतं म्हणतोय, कारण त्याच क्षणाला पोराने चहा आल्याची हाक मारली म्हणून मी बाजूला झुकलो होतो. टोपी गेली. हेल्मेट तेव्हा वापरत नव्हतो. चहा घेतला नाही.

इंग्रजीत याला बार्बर चेअर म्हणतात. होतं काय, झुकलेल्या झाडाच्या पाठीकडचे लाकडाचे रेशे तारेसारखे ताणलेले असतात आणि पोटाकडचे दाबलेले. मागून हळूहळू कापत गेलं की झाडाला पडायची घाई सुटते पण मधलं लाकूड अजून इतकं जाड असतं की ते वाकू शकत नाही, मग ते रेशांच्या दिशेने उभं फाटतं. निलगिरी, सुबाभूळ असल्या सरळ रेशांच्या लाकडात तर हमखास भीती.

उपाय असा की मागून सुरुवातच करायची नाही. समजा बुंधा ४० सेंमीचा आहे. समोरची खाच ८ ते १० सेंमी खोल, त्याहून जास्त नको, कारण पोटाकडचं लाकूड दाबाखाली असतं आणि खोल गेलात की बार (सॉचं लांब पातं, ज्याच्याभोवती चेन फिरते) चिमटतो. खाचेचं तोंड मात्र चांगलं ७० अंशांपर्यंत उघडं ठेवा आणि खाचेच्या दोन चिरा एकमेकींना ओलांडून पुढे जाऊ देऊ नका, तिथेच बिजागरी कमजोर होते. मग बाजूने, खाचेच्या मागे बिजागरीसाठी साधारण ४ सेंमी लाकूड सोडून, बार आरपार खुपसायचा. खुपसताना बारच्या टोकाचा खालचा अर्धा भाग आधी टेकवायचा, फुल थ्रॉटल, जरा आत गेला की सरळ करायचा. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की सॉ उलटा तोंडावर येतो, त्यालाच किकबॅक म्हणतात, चेन झटकन थांबवणारा चेन ब्रेक चालू आहे का हे त्याच दिवशी सकाळी तपासलेलं असावं. बार आरपार गेला की मागे कापत या आणि पाठीकडे ४-५ सेंमीची पट्टी तशीच ठेवा. आता झाड पुढे बिजागरी आणि मागे पट्टी एवढ्यावर उभं आहे, मधलं लाकूड गेलंय, म्हणजे फाटायला काही उरलेलं नाही. सॉ बाहेर काढा, आजूबाजूला बघा, आवाज द्या आणि मग बाजूला उभं राहून बाहेरून ती पट्टी कापा, आधीच्या कटच्या किंचित खाली, म्हणजे पडणारं झाड सॉ ओढून नेणार नाही. पट्टी तुटली की झाड एका दमात जातं, तुम्हीही जायचं.

कुठे जायचं ते आधी ठरवलेलं हवं. पडायच्या दिशेच्या उलट, पण अगदी सरळ मागे नाही, तिरकं, ४५ अंशात, दोन्ही बाजूंना एकेक वाट. वाटेतल्या कुंड्या, बागेचा पाइप, फांद्या आधी हलवा. बाकी मंडळी झाडाच्या दुप्पट उंचीइतकी लांब. व्हिडिओ काढणारे काका यातच आले.

झुकलंय एकीकडे, पाडायचंय दुसरीकडे

इथे लोक पाचरीवर फार विश्वास टाकतात. साधं गणित करून बघा. झाड १२ मीटर, बुंधा ४० सेंमी, म्हणजे उंची बुंध्याच्या ३० पट. पाचरीने मागची बाजू १ सेंमी उचलली की शेंडा साधारण ३० सेंमी सरकतो. शेंडा दीड मीटर मागे झुकलेला असेल तर नुसतं सरळ करायलाच ५ सेंमी उचलायला लागेल, घण मारून मारून हात जातील. म्हणजे वर दोर बांधून विंचने (दोर गुंडाळत ओढायचं यंत्र) आधी ताण द्यायचा आणि पाचर फक्त सोबतीला. दोर पोरांच्या हातात देऊन "ओढा रे" करायचं नाही, आणि ओढणारा झाडाच्या उंचीच्या बाहेर. झाड मागे कारवर येणार असेल तर प्लास्टिकच्या पाचरींवर डाव लावू नका, माणूस बोलवा.

सॉ नीट कापत नाहीये

भुशाऐवजी पिठासारखी पूड पडतेय, चेन बोथट झालीये, कानस मारा. कट एका बाजूला वळतोय, एका बाजूचे दात जास्त घासलेत. बारमधून धूर येतोय, बार ऑइल संपलंय. वाकलेल्या झाडावर बोथट चेन म्हणजे कट हळू, आणि हळू म्हणजे पुन्हा तीच फाटायची भीती. बार चिमटला तर हिसके देऊ नका, इंजिन बंद, कटमध्ये पाचर मारा, सुटला तर ठीक. झाड हलायला लागलं असेल तर फोनवरचं उत्तर वर दिलंय.

पडलं पण शेजारच्या झाडावर अडकलं

खाली जायचं नाही, वर चढायचं नाही, ज्याने धरलंय ते झाड कापायचं तर अजिबात नाही. बुंध्याला दोर लावून लांबून विंचने मागे खेचायचं. ते जमेपर्यंत दोरी बांधून जागा बंद ठेवा, रात्रभर राहिलं तरी चालेल.

आणि वादळात मुळासकट उलथलेलं झाड सोपं वाटतं, आडवंच तर पडलंय. पण खोड कापून वजन हललं की मुळांचा गड्डा मातीसकट धप्पकन परत खड्ड्यात बसतो, एखादा दरवाजा आपटावा तसा. मागच्या जूनमध्ये एका सोसायटीत मी सॉ सुरू करणार तेवढ्यात सहज म्हणून गड्ड्याच्या पलीकडे डोकावलो, तर खड्ड्यात साचलेल्या पाण्यात दोन पोरं कागदाच्या होड्या सोडत बसली होती.