ग्लायडरचा पंख घुमायचा, त्यावर केलेला इलाज

चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांपासून लांब, बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा, रिमोट ग्लायडर उडवतो. सूर मारला की एका वेगानंतर डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) भुंग्यासारखं घुमायचं. गंमत म्हणजे थरथर वाढत जाऊन पंख मोडायचा नाही, एका मापावरच टिकून राहायची. धाकटा म्हणाला, "दादा, सर्व्हो गेला बघ." सर्व्हो म्हणजे एलेरॉन हलवणारी छोटी मोटर. नवा बसवला. पैसे गेले, आवाज तसाच.

मग साताऱ्यात घरी एलेरॉनची कड बोटानं हलवून पाहिली. ३ मिलिमीटर नुसती ढिलाई! हॉर्नचं, म्हणजे सर्व्होची सळी एलेरॉनला जिथं जोडतात त्या शिंगासारख्या तुकड्याचं, भोक झिजलेलं. त्या ढिलाईपुरता ताठपणा जवळपास शून्य, तिच्या पलीकडे एकदम कडक. वारा ढकलतो, कडकपणा अडवतो, थरथर तेवढ्यातच फिरत राहते. याला अभियंते लिमिट सायकल म्हणतात. १९४० साली अमेरिकेतला टाकोमा नॅरोज पूल वाऱ्यात पिळवटून कोसळला, तिथं अशी मर्यादा पुरली नाही.

नवा हॉर्न लावला, पिन घट्ट बसेल एवढंच भोक पाडलं. सळी हॉर्नच्या बाहेरच्या भोकात, सर्व्होच्या आतल्या भोकात घेतली. उरलेली ढिलाई कडेला कमी दिसते. शिवाय एलेरॉनला बिजागरीच्या पुढं शिशाचा तुकडा चिकटवला, तोल साधेपर्यंत. हे काम किचकट, दोनदा उखडलं.

परवा तसाच सूर मारला. फक्त वाऱ्याचा आवाज.