आदिवासी इतिहास शिकवायचाय? साहित्य निवडताना या चुका टाळा

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांची जयंती, आणि आदल्या संध्याकाळी गूगलवर जे सापडेल त्याची प्रिंट काढायची, इथेच सगळं चुकायला लागतं. पानांचे घागरे, हातात भाले, शेकोटीभोवती नाच, असला चार्ट लावूच नका, डहाणूचं नाहीतर अक्कलकुव्याचं एखादं आदिवासी पोर त्याच वर्गात बसलेलं असतं आणि बाकीची मुलं वळून त्याच्याकडे बघतात.

सगळ्यात जास्त गोंधळ वारली चित्रांचा. त्रिकोणाला त्रिकोण जोडा, वर गोल डोकं काढा, झालं चित्र, अशी वर्कशीट ढिगाने फिरतायत. अहो, तो मुळात लग्नाचा चौक आहे, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो चौक काढायच्या, मधे पालघाट देवी, आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. पुरुष यात नंतर आले, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली. यातलं काहीच नसेल तर ते वर्कशीट चित्रकलेच्या तासाला वापरा, इतिहासाच्या नको.

बरं, चित्राच्या पुढे आपण जातच नाही. याच वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतले की नवराबायको दोघंही लग्नगडी म्हणून त्याच्याकडे राबायचे, ते मोडायला लोक उभे राहिले, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड गेले. बऱ्याच नोट्समध्ये फक्त या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांचं नाव असतं. त्यांचं काम मोठंच आहे, पण लढलेल्या एकाही वारल्याचं नाव नसेल तर नोट्स अर्धवट आहेत.

पीडीएफ घेण्याआधी हेच बघायचं, माणसांची नावं आहेत का आणि ते कशासाठी लढले ते दिलंय का. नुसतं "भिल्लांनी दंगे केले" एवढंच लिहिलेलं दिसलं की बाजूला ठेवा, ही इंग्रज साहेबाची भाषा झाली. बिरसा मुंडा शिकवाच, पण सोबत आपल्याकडचे १८५७ च्या उठावातले भिल्ल नेते खाज्या नाईक, १८४८ ला ठाण्याच्या जेलमध्ये फाशी गेलेले राघोजी भांगरे, १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातले नाग्या कातकरीही येऊ द्या.

सगळं भूतकाळात नको. "आदिवासी जंगलात राहत असत" हे वाक्य खोडून गडचिरोलीचं मेंढा-लेखा घ्या, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाने जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. वाहरू सोनवणे, उषाकिरण आत्राम यांच्या कविता घ्या, म्हणजे आदिवासी स्वतः काय म्हणतात ते मुलांपर्यंत जाईल.

आणि प्लीज, वर्गातल्या आदिवासी मुलाला उभं करून "तुमच्याकडे कसं असतं सांग" असं विचारू नका. पाड्यावरच्या जाणत्या माणसाला बोलवा, विषय आधी त्यांच्याशी ठरवा, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या, आणि व्हिडिओ काढायचा असेल तर आधी त्यांना विचारा.