हे सलग किती वेळ चाललंय?

संरक्षण सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये नवीन होतो तेव्हा मी रोज सकाळी लॅबमध्ये आलो की आधी ते सॉफ्टवेअर ज्यात चालतं ते युनिट बंद करून पुन्हा चालू करायचो. पाटी कोरी असली की टेस्ट नीट होतात, अशी माझी समजूत. दिवसभर सगळं पास व्हायचं आणि संध्याकाळी मी स्विच बंद करून घरी जायचो.

रिव्ह्यूमध्ये मॅडमनी माझा रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "हे सलग किती वेळ चाललंय?"

"आठ तास."

"सेकंद मोजणारा काउंटर किती बिटचा आहे?"

१६ बिटचा होता. म्हणजे ६५,५३५ पर्यंत मोजून, साधारण १८ तास १२ मिनिटांनी, तो शून्यावर येणार. माझ्या एकाही टेस्टने ती वेळ पाहिली नव्हती. मॅडमनी काउंटर थेट ६५,५३० पासून सुरू करायला लावला आणि लगेच डेटाची केबल काढायला सांगितली. पाच सेकंदांनी संपर्क तुटल्याचा इशारा यायला हवा होता. आला नाही. जुनंच लक्ष्य ताजं असल्यासारखं स्क्रीनवर दिसत राहिलं. 'शेवटच्या संदेशाची वेळ अधिक पाच' यापेक्षा आत्ताची वेळ मोठी झाली का, असं कोड तपासत होतं, आणि आत्ताची वेळ तर शून्यावर गेली होती. बेरजेऐवजी दोन वेळांची १६ बिटांतली वजाबाकी केल्यावर दोष गेला.

त्याच संध्याकाळी मॅडमनी मला धहरानबद्दल वाचायला सांगितलं. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबिया. तिथली क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सलग १०० तासांहून जास्त चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. ०.१ हा आकडा बायनरीत पुरा मावत नाही, २४ बिटांत तो किंचित कापला जायचा. १०० तासांत ती चूक साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली. इराकचं स्कड क्षेपणास्त्र एवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं, त्यामुळे यंत्रणेने ते भलतीकडेच शोधलं. स्कड अडवलं गेलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मारले गेले. दोन आठवड्यांपूर्वीच इस्राएलने आठ तासांत पडणारा फरक कळवला होता. फार वेळ सलग चालवू नका, अशी सूचनाही तुकड्यांना गेली होती, पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे तिच्यात नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोहोचलं २६ तारखेला. ही तारीख मला आजही अस्वस्थ करते.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी सी भाषा शिकताना पूर्णांक कुठे ओव्हरफ्लो होतो (मर्यादेबाहेर जातो), कुठे अपूर्णांक कापला जातो, हे कागदावर हाताने करून पाहावं. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी सारखी मानकं नोकरीत शिकवतात, हा पाया मात्र तुमचा तुम्हालाच घालावा लागतो. रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं ते जिथे लिहिलेलं असतं तिथे, 'दीर्घकाळ', 'त्वरित' असे शब्द दिसले तर आकडा मिळेपर्यंत विचारत राहा. नवखे म्हणून संकोच करू नका, उलट नवख्याने विचारलं तर कुणाला राग येत नाही.

आता शुक्रवारी मी युनिट चालूच ठेवतो, वर कागद चिकटवून: 'टेस्ट सुरू आहे, बंद करू नये.' सोमवारी आधी मेमरी किती वाढली ते बघतो, मग शुक्रवारच्या तुलनेत संदेशाला किती मिलिसेकंद जास्त लागले ते. त्यानंतर चहा.